चौकटीतली माशी

"मी चोर नाही, मॅडम. पण हे मीच म्हणून काय उपयोग? दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं."

शनिवारी सकाळी फ्रेमवाल्याने दारातच हे सांगून टाकलं आणि मग खुर्चीवर बसला. बसला तोही अगदी कडेला, जणू खुर्चीही आपल्यावर संशय घेणार आहे.

समोरची बाई खासगी तपासनीस होती. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून माहेरी तिला टाचणी म्हणत. धंद्यातही तेच नाव चिकटलं. शेजारी तिचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चहा पीत होते. भावोजी दातांचे डॉक्टर. शनिवारी दवाखाना बंद ठेवून मेहुणीच्या तपासात लुडबुड करणं हा त्यांचा आवडता उद्योग, आणि हे प्रकरण तर त्यांच्याच क्लबमधलं होतं.

हा क्लब नकली माशीने मासे धरणाऱ्यांचा. गळावर दोरा आणि पिसं बांधून माशी करायची, ती काठीने पाण्यावर अलगद टाकायची, फसलेला मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "एवढा खटाटोप करून मासा घरी आणत नाहीत, याला काय म्हणावं?" असं टाचणीची बहीण लग्नापासून विचारत आली होती.

क्लब काढला अण्णांनी, आणि माशा बांधायच्या त्या त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. काकूंच्या हातची शेवटची माशी त्यांच्या माघारी क्लबच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावली होती.

"काच तडकली होती," फ्रेमवाला सांगू लागला. "गेल्या शनिवारी मी चौकट दुकानात नेली, काच बदलली आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर भिंतीवर परत लावली. काल क्लबचे सेक्रेटरी दुकानात आले आणि अख्ख्या गल्लीसमोर म्हणाले, आतली माशी खोटी आहे, खरी तू ठेवून घेतलीस. आता माशी मुळातच खोटी असते, त्यात खरी-खोटी कशी ओळखायची ते मला कळत नाही."

"काच बदलताना माशीला हात लावला होतात?"

"हात नाही. पण चौकट पुसताना माझा रुमाल तिच्या गळात अडकला. ओढला तर रुमालाचा धागाच यायला लागला. शेवटी सुई घेऊन हळूहळू सोडवला. घाम फुटला मला." तो थांबला. "मॅडम, माझ्याकडे लोक आईवडिलांचा एकुलता एक फोटो ठेवून जातात. पावतीसुद्धा मागत नाहीत. तो विश्वास गेला की माझ्या दुकानात नुसत्या काचा आणि लाकूड उरतं."

टाचणीने त्याला दुसरा चहा दिला. "उद्या क्लबची नदीवर सहल आहे ना? तुम्हीही या," ती म्हणाली.

गाडीत भावोजींना गप्प बसवेना.

"नेमकी या वेळीच माशी शिंकायची होती. गेल्या रविवारची सहल काय झाली म्हणून सांगू! अण्णांचा उजवा हात गेल्या वर्षी अर्धांगवायूने गेला. तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्या दिवशी सुनेने त्यांना खुर्चीत बसवून नदीवर आणलं. आमच्या अध्यक्ष हेडबाई दिवसभर त्यांच्या शेजारी बसल्या, स्वतःची काठी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. अण्णांनी डाव्या हाताने माशी टाकली आणि मासा लागला! आम्ही सगळे पोरांसारखे नाचलो. सेक्रेटरी तेवढा तापाने घरी होता, बिचारा मुकला."

"आणि मासा?"

"सोडला की. पण गळ निघेना. शेवटी मी चिमटा लावला. अक्कलदाढ परवडली. जबडा कडक असणार लेकाचा."

टाचणीने वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. भावोजींना वाटलं, आपलं गाडी चालवणं चुकतंय.

क्लबची खोली एका छापखान्याच्या वर होती. लांब टेबल, त्यावर ओळीने छोटे शेगडे, म्हणजे गळ घट्ट धरणारे चिमटे, पिसांचे डबे आणि दोऱ्यांची रिळं. औषधांचं दुकान चालवणारा सेक्रेटरी चौकटीजवळ पहारा देत उभा होता.

"क्लबच्या प्रमाणपत्रासाठी फोटो काढायला गेलो आणि लक्षात आलं," तो म्हणाला. "काकूंचा पिवळा दोरा इतक्या वर्षांत फिकट झाला होता. हा बघा, कालचा वाटतो. बांधणी मात्र हुबेहूब आहे."

टाचणीने चौकट उघडायला लावली. मग स्वतःचा रुमाल त्या गळात अडकवला आणि ओढला. रुमाल सरकन निघाला. पुन्हा अडकवला, पुन्हा तसाच निघाला.

"रुमालाने मासे धरणार आहेस का?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही एक माशी बांधून दाखवा बघू."

भावोजी खूश झाले. त्यांनी डबीतून नवा गळ घेतला, पकडीने त्याच्या टोकाजवळ चिमटला आणि मग शेगड्यात बसवून दोरा गुंडाळायला लागले.

"ते पहिलं काय केलंत?"

"कुठलं? हां, ते. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, रुतला की निघत नाही. तो आधी दाबून टाकायचा, म्हणजे सोडलेल्या माशाला इजा होत नाही. काकू गेल्यानंतर हेडबाईंनी हा नियम आणला. आधी पकड, मग दोरा. आता इतकी सवय झाली आहे की सुईत दोरा ओवतानासुद्धा माझा हात पकड शोधतो."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या हेडबाईंनी मान वर केली. त्या क्लबच्या अध्यक्ष. शाळा सोडून बरीच वर्षं झाली तरी त्यांनी पाहिलं की मोठी माणसं अजून खिशातून हात काढत.

"या प्रकरणाची तक्रार कुठेही करायची नाही," त्या टाचणीला म्हणाल्या. "मला कालच कळलं. उद्या नदीवर सगळ्यांसमोर मी बोलणार आहे. त्या फ्रेमवाल्यावर बालंट येणार नाही."

"तुम्हाला त्याची इतकी खात्री?"

"आहे."

"मग आजच बोला ना."

हेडबाईंनी हातातलं पीस डब्यात ठेवलं, पुन्हा काढलं. "उद्या," त्या म्हणाल्या. "आजचा एक दिवस तरी राहू दे."

काय राहू दे, ते त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरी मात्र जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "तशी अण्णांच्या सुनेलाही ती माशी हवीच होती. मागच्या बैठकीत तिने मागितली, आम्ही नाही म्हटलं. पहिला हात हेडबाईंनीच वर केला होता, नकाराचा."

अण्णांचं घर चढावर होतं. दार सुनेने उघडलं आणि आत येताच ती पुन्हा जमिनीवर बसून सासऱ्यांच्या बुटाची नाडी बांधू लागली.

"मागितली होती मी," ती म्हणाली. "एकदा फक्त बाबांच्या हातात द्या म्हटलं. ते म्हणाले, ती क्लबची खूण आहे, एकाला दिली की नियम मोडला. मी रागावले होते, खोटं कशाला बोलू? मला माशी बांधता येत नाही, नाहीतर मीच तशी एक बांधून दिली असती." तिने दुसरी नाडी घेतली. "पण त्या रविवारपासून बाबा स्वतः मागून जेवायला लागलेत. काल तर मला मीठ कमी आहे म्हणाले. इतकं बरं वाटलं मला."

अण्णा खिडकीजवळ बसले होते. मांडीवर त्यांची जुनी टोपी, पट्टीत खोवलेल्या कितीतरी नव्या-जुन्या माशा. डावा तळवा त्यांनी टोपीच्या एका बाजूवर झाकणासारखा ठेवला होता.

"त्या दिवशी काठीला माशी कोणी बांधली, अण्णा?" टाचणीने विचारलं.

"मीच," अण्णा म्हणाले. आजाराने त्यांचे शब्द हळू येत, पण हा शब्द लगेच आला.

टाचणीने बुटाच्या नाडीकडे पाहिलं, मग टोपीकडे. तिने नमस्कार केला आणि निघाली.

"अण्णा बरे दिसतात," गाडीत भावोजी म्हणाले. "पण चोर कोण?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ते ऐकलं होतं. इथे चोरही संन्यासीच निघाला, भावोजी. उद्या मी बोलले तर फ्रेमवाल्याचं नाव सुटेल, पण अण्णांच्या हातातून काहीतरी जाईल. गप्प बसले तर उलट. रात्रभर मला याचाच विचार करायचा आहे."

"म्हणजे तुला कळलंय?"

"तुम्हालाही कळलंय. तुम्हीच तर मला सांगितलंत."

भावोजी त्या रात्री आपण नेमकं काय सांगितलं हे आठवत जागे राहिले आणि त्यांना आठवलं नाही.

रविवारी नदीचं पाणी स्वच्छ होतं, तळातले गोटे दिसत होते. काठ्या झाडाला टेकवून मंडळी गोलात बसली. फ्रेमवाला सगळ्यांपासून जरा दूर उभा होता. हेडबाई उठल्या, अण्णांच्या टोपीकडे पाहिलं आणि परत बसल्या. मग टाचणीच उठली.

"आधी एक सांगते. फ्रेमवाल्यांनी काहीही चोरलेलं नाही. काच बदलताना त्यांचा रुमाल गळात अडकला, तो सुईने सोडवावा लागला. म्हणजे त्या शनिवारी चौकटीत उलटा काटा असलेला गळ होता. काकूंची माशी तुमच्या नियमाच्या आधीची, तिला काटा असणारच. काल मी माझा रुमाल अडकवला, तो सरकन निघाला. आताच्या गळाचा काटा दाबलेला आहे."

"मग फ्रेमवाल्याने बदलली नाही कशावरून?" सेक्रेटरीने विचारलं.

"जुन्या माशीची नक्कल करणारा परका माणूस काटा कशाला दाबेल? उलट, जसाच्या तसा ठेवेल. नक्कल करतानाही आधी पकड उचलणारा हात तुमच्याच क्लबचा. सूनबाईंना माशी बांधता येत नाही, त्या सुटल्या. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही केली असती तर तुम्हीच बोंब कशाला मारली असती?"

भावोजी स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहू लागले.

"दुसरं. गेल्या रविवारी अण्णांच्या माशाच्या तोंडातून गळ निघेना. तुम्हा सगळ्यांचे गळ दाबलेले, मग हाच कसा रुतला? कारण तो काटा असलेला होता. अण्णा त्या दिवशी काकूंच्या माशीने मासे धरत होते."

"माझा चिमटा!" भावोजी म्हणाले आणि ताडकन उभे राहिले.

"अण्णा म्हणतात, माशी मीच बांधली. एका हाताने दोऱ्याची गाठ बसत नाही. अण्णा कोणालातरी पाठीशी घालत होते. त्या दिवशी त्यांच्या शेजारी दिवसभर कोण बसलं होतं? स्वतःची काठीही न काढता?"

सगळ्यांच्या माना हेडबाईंकडे वळल्या.

"मीच," हेडबाई म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता. "माझे यजमान गेले तेव्हा मी कोणाशी बोलत नव्हते. काकू घरी आल्या, शेगडा टेबलाला लावला आणि म्हणाल्या, हा दोरा धर. बोल असं एकदाही म्हणाल्या नाहीत. अण्णा नदीवर न्यायचे आणि तेही गप्प बसायचे. त्या दोघांनी मला परत माणसांत आणलं. बैठकीत मी नाही म्हटलं, कारण अध्यक्षाने नियम मोडायचा नसतो. घरी गेले आणि झोप येईना. मग मी ती नक्कल बांधली, शनिवारी चौकट भिंतीवर गेल्यावर सगळे पांगले तेव्हा बदलली. सोमवारी खरी परत ठेवणार होते. पण अण्णांनी ती टोपीला लावली होती, आणि मला मागवेना."

"काखेत कळसा," सेक्रेटरी पुटपुटला.

"फ्रेमवाल्यांचं नाव घेतलं गेलं हे मला परवा कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. अण्णांकडे ती आणखी दोन दिवस राहावी म्हणून मी तुमचे दोन दिवस घेतले." त्या फ्रेमवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. मला माफ करा."

सेक्रेटरीही उठला. "जास्त माझं चुकलं," तो म्हणाला. "बोललो मी होतो. ज्या गल्लीत बोललो तिथेच उद्या दुकानादुकानात जाऊन परत घेतो."

फ्रेमवाल्याने मान हलवली आणि डोळे पुसले, त्याच रुमालाने.

एवढ्यात अण्णांनी टोपी काढली. डाव्या हाताने चाचपत फिकट पिवळ्या दोऱ्याची माशी सोडवली आणि फ्रेमवाल्यासमोर धरली.

"बसव परत," ते म्हणाले. "तुझ्या चौकटीत."

सूनबाईंनी मान खाली घातली. फ्रेमवाला माशीकडे पाहत राहिला.

"चौकटीत आधीच एक माशी आहे, अण्णा," तो म्हणाला. "तीसुद्धा कोणीतरी जीव लावूनच बांधली आहे. मला विचाराल तर ती तिथेच शोभते."

त्याने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. भावोजींनी दोन्ही केले. या वेळी शेवटचा हात हेडबाईंचा होता.

अण्णांनी माशी मागे घेतली नाही.

"मग हिचा काटा दाब," ते म्हणाले. "पाण्यात जायची, तर नियम म्हणजे नियम. हिला पण."

हेडबाईंनी पिशवीतून पकड काढली. त्यांनी ती फ्रेमवाल्याकडे दिली.

"जुनं लोखंड आहे," फ्रेमवाला म्हणाला. "मोडलं तर? एकच आहे ही."

"म्हणून तर तुझ्याकडे देतोय," अण्णा म्हणाले.

फ्रेमवाला गवतावर बसला, माशी उजेडाकडे धरली आणि श्वास रोखून पकड दाबली. बारीकसा आवाज झाला. त्याने टोकाला आपला रुमाल लावून पाहिला. रुमाल सरकन निघाला, गळ शाबूत होता.

हेडबाईंनी गाठ मारली. सूनबाईंनी खुर्ची पाण्याजवळ सरकवली. अण्णांनी फ्रेमवाल्याला बोलावून शेजारी बसवलं आणि काठी उचलली.