रांगेत राखलेली जागा

हिल्काबाईंचा टीव्ही म्हणजे खोकाच होता. मागे भलं मोठं पोट, कडेने हिरवट पडलेलं चित्र, आणि लावल्यावर जागा व्हायला इतका वेळ की तोवर कॉफी व्हावी. इसाल्मी गावात असा टीव्ही आता दुसऱ्या कुणाकडे नसावा. काढून टाक, असा मुलीचा, मेर्वीचा, कायमचा धोशा. या स्वातंत्र्यदिनाला मात्र ती वाद घालत बसलीच नाही. नवा पातळ टीव्ही घेऊन आली आणि जुन्याशेजारी मांडून मोकळी झाली.

खिडकीत दोन मेणबत्त्या लावून राष्ट्राध्यक्षांच्या महालातला समारंभ बघत बसायचं, ही त्या संध्याकाळची रीत. समारंभ कसला, पाहुण्यांची न संपणारी रांग आणि हस्तांदोलन! बघणाऱ्यांनी झग्यांना नावं ठेवायची. हिल्काबाईंचा नवरा वेइको त्यात पटाईत. "ही तर पडदाच गुंडाळून आली," म्हणायचा. माणूस मोठा सोशीक. बाजारात बायकोला यायला उशीर झाला, की स्वतःची पाळी आली तरी मागच्यांना पुढे सोडत थांबायचा. तो गेला आणि घरातलं हसू त्याच्याबरोबर गेलं.

तो गेला त्याच वर्षी हिल्काबाईंना तो टीव्हीवर, समारंभाच्या रांगेत दिसला. पार मागे, काळ्या कोटांत एकटाच तपकिरी कोटातला. त्याच कोटात त्याला पुरलं होतं. घाईत वरचं बटण त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने शिवलं होतं, तेही दिसलं. पुढच्या वर्षी तो बराच पुढे आला. गेल्या वर्षी तर थेट दारापाशी. हस्तांदोलन झालं की माणूस पडद्याबाहेर जातो, या भीतीने त्यांनी टीव्हीच बंद केला होता. हे सांगणार कुणाला? म्हातारीला चळ लागला म्हणाले असते.

"आई, हा खोका आज मी नेते," मेर्वी म्हणाली.

"समारंभ संपू दे. मग बघू."

"दोन-दोन लावून काय करायचंय?"

"तुझे बाबा दिसतात यात मला."

मेर्वीने दोन्ही टीव्ही लावले आणि आईचा हात हातात घेतला.

वेइको दारापाशीच होता, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून. वर्षभर तसाच उभा असावा. आपणच याला अडकवून ठेवलं, असं हिल्काबाईंना वाटलं. या वेळी त्यांनी टीव्हीच्या बटणाला हात लावला नाही.

"जा आता, वेइको. पाय दुखतोय ना तुझा," त्या म्हणाल्या.

त्याची पाळी आली.

तो गेला नाही. जरा बाजूला सरकला आणि मान लववून एकेकाला पुढे सोडू लागला.

हिल्काबाईंना त्याचं बाजारातलं थांबणं आठवलं. मग त्यांनी डोळे पुसले.

"ने हा खोका," त्या म्हणाल्या. "आता नको मला. माझा निळा झगा तेवढा इस्त्रीला काढ."

"आई, मला यात नुसतं हिरवं दिसतंय गं."

धीर यावा म्हणून मेर्वीने आपल्या नव्या टीव्हीकडे पाहिलं. चित्र लख्ख होतं. दारापाशी आलेले पाहुणे जरासा वळसा घालून पुढे जात होते. मधली जमीन मोकळी होती, दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी.