कॅमारोचा कापलेला पट्टा

तपासणीवाल्या बाईनं ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा खेचला आणि अर्धा तिच्या हातात आला. उरलेला सर्रकन दाराच्या खांबात गुंडाळला गेला.

"कुणीतरी कापलाय," ती इंग्रजीत म्हणाली. "ही गाडी आज धावणार नाही."

एवढं इंग्रजी एकनाथरावांना कळत होतं. नाशिकच्या आरटीओत बत्तीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक म्हणून घासलेला माणूस. गाड्यांचा विषय निघाला की भाषा आडवी येत नसे. बाकी सगळीकडे यायची. सहा महिन्यांसाठी ते बहिणीकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला आले होते. गंमत बघा, हजारोंना लायसन्स देणाऱ्या या गृहस्थाकडे इथलं लायसन्स नव्हतं. साधं दूध आणायचं तरी कुणीतरी न्यायला हवं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा त्यांचा भाचा, नकुल.

ही कॅमारो नकुलचीच. मोठ्या इंजिनाची, सगळा जोर मागच्या चाकांवर. अशी गाडी मातीत घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं त्याच्या वडिलांचं मत. नकुल मात्र तीन वर्षं तिला हौशी लोकांच्या मातीवरच्या शर्यतींत उतरवत होता. शर्यत म्हणजे माळावर केशरी कोन मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. कोन पडला की दोन सेकंदांचा दंड. आज ऑक्टोबर २००६ मधली, मोसमातली शेवटची शर्यत होती. उन्हाळ्यातल्या गुणांच्या जोरावर नकुल आज नुसता धावला असता तरी त्याच्या गटाचा करंडक त्याचाच होता. आणि आज पहिल्यांदाच त्याचे बाबा, अमित, कॅमेरा घेऊन बघायला आले होते.

आता सगळे त्या बाबांकडेच बघत होते.

"अमित, तू केलंस हे?" वीणानं नवऱ्याला विचारलं.

"मी? वेड लागलंय का तुला?"

"काका, तुम्ही मगाशी त्या सीटवर बसला होतात ना?" सिद्धेश चाचरत म्हणाला. हा पुण्याहून पीएच.डी.ला आलेला नकुलचा दोस्त. दोघं आळीपाळीनं हीच गाडी पळवायचे. "मी नाव नोंदवून येताना पाहिलं, म्हणून म्हणतो."

अमितचा चेहरा उतरला.  नकुल पाठ फिरवून घरच्या व्हॅनपाशी जाऊन उभा राहिला.

वीणानं भावाला बाजूला ओढलं. "दादा, तू शोधून काढ. अमितनं हे केलं असेल तर नकुल जर्सी सिटीची नोकरी घेऊन जाईल आणि परत तोंड दाखवणार नाही. आधीच वर्षभर दोघं धड बोलत नाहीत रे."

"अगं, मी इथं पाहुणा. मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि आधी पट्टा बघितला. धारदार पात्यानं एका फटक्यात कापलेला. कापलेली जागा छातीच्या उंचीवर, सहज हाताला लागेल अशी. दोन बाजूंचे चार धागे तेवढे शाबूत ठेवले होते, म्हणजे पट्टा जागेवर दिसावा आणि ओढला की तुटावा.

"सिद्धेश, घरून इथवर गाडी कुणी आणली?"

"मी. नकुल म्हणाला, झोप झाली नाही यार, तू चालव."

"पट्टा लावला होतास?"

"म्हणजे काय! एकदम ओके होता. आठला पोचलो, तपासणी नऊला झाली."

"मधल्या तासात?"

"मी नाव नोंदवायला गेलो. नकुल गाडी रिकामी करत होता. आत सुटं काही चालत नाही ना, चटया, बाटल्या, सगळं बाहेर काढावं लागतं."

"तपासणीत पट्टा ओढून बघतात, हे कुणाकुणाला माहीत?"

"जो धावतो त्या प्रत्येकाला."

मग अमित. तो व्हॅनच्या मागच्या दारात बसला होता.

"अमितराव, सीटवर कशाला बसलात?"

"हसाल तुम्ही, एकनाथराव." त्यानं मान खाली घातली. "हा तीन वर्षं काय करतो ते मला कधी कळलंच नाही. म्हटलं, तो बसतो तिथं बसून तरी बघावं."

"खिशात काय आहे?"

अमितनं कटर काढून दिला. कागदी प्लेटांचं खोकं उघडायला आणलेला. "सकाळपासून इथंच टेबलावर पडला होता, आत्ता उचलून खिशात टाकला. कुणीही उचलला असेल. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आजवर मीच बोंब मारत आलोय ना!"

एवढ्यात शेजारचा एक दाढीवाला नकुलच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. त्यानं दोनदा हाक मारली तेव्हा नकुल दचकून वळला. दाढीवाल्याकडे जुनी मस्टँग होती, त्याच गटातली. "माझी घेऊन धाव," तो किल्ली पुढे करून म्हणाला. "करंडक घरी ने, पोरा."

"नो. थँक्स," नकुल म्हणाला.

सिद्धेशनं कपाळाला हात लावला. "अरे, नो काय? गुण ड्रायव्हरला मिळतात, गाडीला नाही!"

"आय सेड नो."

एकनाथराव जागच्या जागी थबकले.  त्यांना सप्टेंबरची शर्यत आठवली.

इथला रिवाज असा, की जो धावत नाही त्यानं माळावर उभं राहून पडलेले कोन उचलायचे. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून एकनाथरावांनाही केशरी जाकीट चढवून उभं केलं होतं. सिद्धेशनं दोन कोन पाडले, एक इकडचा, एक तिकडचा. नकुलनं सात पाडले, आणि सातही डावीकडचे. शेवटच्या वळणावर तर गाडी अशी अंगावर आली, की या वयात त्यांना उडी मारावी लागली. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. मेहुण्याच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या? पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, म्हणून गप्प बसले.

आणि आज सकाळची न्याहारी. "आई, चटणी कुठाय?" नकुलनं विचारलं होतं. वाटी त्याच्या डाव्या हाताशीच होती.

एकनाथरावांना वाटलं, इथंच थांबावं. कळलं नाही म्हणावं. पण मग अमितच्या माथी हे कायमचं बसलं असतं. आणि हा पोरगा उद्या पुन्हा हायवेवर जाणार.

त्यांनी सगळ्यांना व्हॅनपाशी बोलावलं.

"ज्याला घात करायचा असतो तो पट्टा लपवून कापतो, खाली, सीटच्या मागे. हा कापलाय तो पहिल्या तपासणीत सापडावा म्हणून. गाडी थांबावी, पण कुणाला इजा होऊ नये. आता अमितराव आज पहिल्यांदा आलेत. इथं पट्टा ओढून बघतात हे त्यांना ठाऊकच नाही."

"मग सिद्धेश?" वीणानं विचारलं.

"नुसती गाडी थांबवायची असती तर घरून आणतानाच बिघडली म्हणाला असता. आणि नकुलनं धावावं म्हणून सगळ्यात जास्त तोच तडफडतोय. आता राहिला तो, ज्यानं गाडी रिकामी केली आणि ज्याला आयती गाडी मिळाली तरी नको होती." ते भाच्यासमोर उभे राहिले. "नकुल, माझ्या नाकाकडे बघ. डोळे हलवू नकोस. बोट हललं की सांग."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं दोन बाजूंना धरली आणि नकुलच्या उजवीकडचं हलवलं.

"येस."

मग नकुलच्या डावीकडचं. एकदा, दोनदा. नंतर पूर्ण पंजा हलवला.

नकुल वाट बघत राहिला. "मामा, हलवा ना," तो म्हणाला.

वीणाच्या तोंडून हुंदका फुटला. तेव्हा त्याला कळलं.

"किती दिवस झाले?" एकनाथरावांनी विचारलं.

"ऑगस्टपासून. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही." तो खाली मातीत बसला. "डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, प्रॉब्लेम मागे मेंदूत असेल. स्कॅन करा, आणि ड्राइव्ह करू नका. मी अपॉइंटमेंट कॅन्सल केली. दोनदा."

"अरे, का?" अमित ओरडला.

"बिकॉज देन इट्स रिअल, बाबा! लायसन्स गेलं तर इथं काय राहतं? जॉब नाही, कुठं जाणं नाही. आणि मागच्या वेळी मामा डावीकडे उभे होते. मला दिसलेच नाहीत. सिद्धेश नंतर म्हणाला, मामांनी काय उडी मारली यार! आज तिथं कुणीही उभं असतं. मी धावू शकत नव्हतो. आणि तुम्ही पहिल्यांदा आलात, कॅमेरा घेऊन. तुम्हाला कसं सांगू?"

"आणि आम्ही तुझ्या बाबांवर आळ घेतला तेव्हा?"

"बोलणार होतो. तोंडच उघडलं नाही."

 माळावर पहिली गाडी सुटली होती आणि लाउडस्पीकरवर तिची वेळ सांगत होते. एकनाथरावांना स्वतःचा भयंकर राग आला. बत्तीस वर्षं रस्त्यावर कुणाला सोडायचं नि कुणाला नाही, हे ठरवण्यात घालवली, आणि घरच्या पोराच्या वेळी तोंड शिवून बसले. महिनाभर आधी बोलले असते तर महिनाभर आधी स्कॅन झाला असता. आता त्यात काय निघेल, देव जाणे.

"मामा," नकुलनं हळूच विचारलं, "ऑपरेशन करावं लागलं, तर नंतर परत चालवता येईल?"

एकनाथरावांनी बरीच उत्तरं जुळवून पाहिली. "मला नाही माहीत रे, बाळा," ते म्हणाले.

कॅमारोची सोय बघायला सिद्धेश मागे थांबला. बाकीचे व्हॅननं निघाले. अमित चालवत होता, शेजारी नकुल, मागे बहीणभाऊ.  गाडी हायवेला लागली तशी अमितच्या डोळ्यांना धार लागली. आवाज न करता तो रडत होता. पाणी हनुवटीवरून शर्टावर गळत होतं, तरी तो पुसत नव्हता.

नकुल समोर रस्त्याकडे बघत बसला होता. "बाबा चिडलेत ना?" त्यानं न वळता मागे विचारलं.

अमित त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर बसला होता.