लेनर्डची जागा

आरामखुर्ची उघडता न येणं हा काही गुन्हा नाही. पण मार्लसीच्या किनाऱ्यावर, भुरभुर पावसात, अख्ख्या बिस्किट कारखान्यादेखत माझी बोटं तिच्या दांड्यांत अडकली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हलू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "ओढलंत तर खुर्ची माझ्याकडे राहील, आणि बोटंही."

त्याने दांडी अलगद वर केली. खुर्च्या भाड्याने देणारा होता तो, लेनर्ड. टोपी भिजून कपाळावर उतरलेली, नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब. तो थेंब पडेपर्यंत मी बघत राहिले... आणि तो माझ्याकडे.

पाऊस आला म्हणून आमच्यातलं कुणी जागचं उठलं नाही. वर्षातून एकदा समुद्र दिसतो. मग कोट घालून, दात वाजवत, अंड्याच्या सँडविचमधली वाळू चावत का होईना, तो पाहायचाच. कारखान्याची सहल म्हणजे सहल.

या सहलीचा एक अलिखित नियम होता. परतीच्या बसमध्ये मुलगी ज्याच्या शेजारी बसेल, त्याच्याशी तिचं जमलं. मागचा बाक गाणी सुरू करायचा, आणि सोमवारी कामावर पोचेपर्यंत लग्नाचा महिनाही ठरलेला असायचा. यंदा माझ्या शेजारची जागा मॉडमावशीने परस्पर क्लिफर्डला देऊन टाकली होती. क्लिफर्ड आमचा मुकादम. वाईट नव्हता, पण मला कुणी विचारलं होतं का? आई गेल्यावर मावशीने मला वाढवलं हे खरं. म्हणून तिने मला वाटूनही टाकावं?

दुपारपर्यंत लेनर्ड माझी खुर्ची नीट आहे ना, हे बघायला तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा मावशीने त्याला विचारलं, की बाकीच्या खुर्च्या काय दगडाच्या आहेत? तो म्हणाला, त्यांच्यावर असं कुणी बसलेलं नाही. मावशीचा चहा थर्मासमध्येच गार झाला असावा.

त्याच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही बूट हातात घेऊन पाण्यात उतरलो. पाणी असं गार, की पाय आहेत की गेले ते कळेना.

"पाचला बस सुटते," बसचा नियम त्याला सांगून मी म्हणाले. "मला क्लिफर्डशेजारी बसायचंय."

"बसायचंय... की बसवतायत?"

मी बूट या हातातून त्या हातात घेतले.

"मी सहाशिवाय सुटत नाही," तो म्हणाला. "दोनशे खुर्च्या घडी करायच्या असतात. नाहीतर मीच येऊन बसलो असतो तुझ्या शेजारी."

"आणि परत कसा आला असतास?"

"चालत."

चाळीस मैल! मी हसले — आणि हसताहसताच कळलं, की हा माणूस मला आवडलाय. अर्ध्या दिवसात. वेडेपणा तर वेडेपणा.

पाचला मी बसमध्ये शिरले आणि शेजारच्या जागेवर माझा ओला कोट पसरला. क्लिफर्ड आला, गोळ्यांची पुडी हातात घेऊन.

"तिथे मी बसणार आहे, हेझल."

"ती जागा लेनर्डची आहे. तो सहापर्यंत कामात आहे."

पुढच्या बाकावरून मावशीने मान वळवली. "कोट उचल. लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं तेच म्हणू देत, मावशी. त्यासाठीच ठेवलाय."

कोट मी उचलला नाही. क्लिफर्ड मुकाट्याने मावशीशेजारी जाऊन बसला. मी खिडकी सरकवली. दोन्ही काखांत खुर्च्या धरून लेनर्ड रस्त्यापर्यंत आला होता.

"रविवारी येते," मी ओरडून सांगितलं. "पहिल्या गाडीने. एकटी."

"कशाला?" त्यानेही ओरडूनच विचारलं, लबाडाने.

"तू आवडलास म्हणून."

चाळीस माणसांनी ऐकलं. लेनर्डच्या काखेतल्या खुर्च्या धडाधड रस्त्यावर पडल्या. बस हलली, आणि मागच्या बाकाने क्षणभर विचार करून गाणं धरलं.

मावशीने घरापर्यंत पुन्हा मान वळवली नाही. वाटेत दोघातिघांनी, जागा रिकामीच आहे तर बसू का, म्हणून विचारलं. मी प्रत्येकाला नाही म्हणाले.