हात काढू नकोस
दुपारी साडेतीनला, रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना हे घडलं. माझ्या आतेबहिणीच्या बाबतीत. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. माझाही नव्हता. तिने जे सांगितलं, तेवढंच लिहितो. पदरचं काही घालत नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते छोटं दुकान. आतल्या टेबलावर आधी तिचे वडील बसायचे. मागच्या वर्षी ते गेले. घरी निघाले आणि दुकानाच्या पायऱ्यांवर कोसळले, असं मालकांनी सांगितलं. मग मोठं मन करून रिकाम्या खुर्चीवर मुलीला घेतलं. निम्म्या पगारावर.

आत्या अजूनही नवऱ्यावरच चिडलेली.

"छातीत दुखत होतं, तर दवाखाना काय परदेशात होता? तोंडाला कुलूप लावून बसले असतील!"

त्या दुपारी एका मशीनचा बायोस, म्हणजे ते चालू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट करायचा होता. त्याशिवाय नवा प्रोसेसर चालणार नव्हता. अपडेट चालू असताना वीज गेली, की मदरबोर्ड मेलाच. आणि त्या टेबलामागचा विजेचा पॉइंट इतका सैल, की नुसत्या धक्क्याने प्लग निसटायचा. मालकांनी तो कधी बदलला नाही. त्यापेक्षा दुकानाची रीतच पडली होती... अपडेट संपेपर्यंत प्लग हाताने दाबून धरायचा.

"बाबाही असाच धरायचे?"

"तर! जागचा हलायचा नाही," मालक काउंटरवरून म्हणाले.

तिने प्लग दाबला. स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकत शेवटाला गेली. मशीन रीस्टार्ट झालं.

व्हर्जन... जुनंच.

अपडेटची फाइल त्याच मॉडेलची होती. तरी तिने पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केला. मागच्या पोर्टला लावून पाहिला. बोर्डाचा सेल काढून परत बसवला. दर वेळी डावा हात प्लगवर.

दर वेळी... जुनंच.

"हात थरथरत असेल तुझा," मालक म्हणाले. "बापाचा एक गुण उचलला नाहीस."

तिने अपडेट पुन्हा सुरू केलं. पट्टी अर्ध्यावर आली, तोच टेबलावरून स्क्रू-ड्रायव्हर घरंगळला. तिने झटकन तो धरला...

प्लगवरचा हात सुटला होता.

 पण स्क्रीन विझली नाही.

तिने प्लग चाचपला. तो तसूभरही हलेना. कुणीतरी आधीच दाबून धरल्यासारखा.

पंख्याचा आवाज बारीक होत गेला.

आणि टेबलामागून... घसा खाकरल्याचा आवाज आला. कोरडा. ओळखीचा.

मग एक श्वास. अर्ध्यावर अडकलेला.

मालकांनी मानही वर केली नाही. सवयीने खेकसले,

"संपू दे रे आधी! मग जा दवाखान्यात. हात काढू नकोस!"



"कुणाला म्हणालात, काका?"

"तुला."

"मला कुठे दवाखान्यात जायचंय?"

मालकांनी आता मान वर केली.

मशीन रीस्टार्ट झालं. व्हर्जन नवं होतं.

तिने पर्स उचलली आणि घर गाठलं. आईला सगळं सांगितलं. आत्या मग एवढंच म्हणाली, "आणि मी वर्षभर त्यांनाच शिव्या घालत बसले गं."

बहीण परत तिकडे गेली नाही. विचारेल त्याला मालक अजून पायऱ्यांचंच सांगतात. गिऱ्हाईक दुसरी वायर लावून मशीन घेऊन गेलं. पहिली वायर मात्र तिथेच आहे. तिचा प्लग त्या सैल पॉइंटमधून निघत नाही.

काल शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा बहिणीला फोन आला होता. पॉइंट बदलायला मालकांनी वायरमन बोलावला होता. नवा माणूस, त्याला आधीचं काही ठाऊक नाही. तो टेबलामागे वाकला आणि लगेच सरळ झाला.

"बदलतो मालक," तो म्हणाला. "पण आधी त्या काकांना हात काढायला सांगा."