बिननावाचं मशीन

यावर कुणी हसलं तरी चालेल. माझा धाकटा भाऊ यज्ञेश माझ्याशी खोटं बोलत नाही. हे त्यानेच मला सांगितलंय.

मे २००९. रविवार, भर दुपार.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारी एक कंपनी होती. नाव सांगत नाही, ओळखीची माणसं अजून तिथे कामाला आहेत. यज्ञेश तिथे कॉम्प्युटर सांभाळायला नुकताच लागला होता. त्याच्या आधी ते काम सलिल करायचा.

फेब्रुवारीत तिथे अमोनियाचा पाइप फुटला. सगळे गेटबाहेर पळाले. सलिल सर्व्हरच्या खोलीत होता. दाराचं लॅच अडकलं. भोंगा इतका जोरात वाजत होता, की आतून तो दार ठोठावतोय हे कुणाला ऐकूच गेलं नाही.

सव्वीस वर्षांचा होता.

त्या रविवारी यज्ञेशला सर्व्हर बदलायचा होता. जुन्या सर्व्हरच्या पोटात पाच कॉम्प्युटर चालायचे. खरे नव्हेत, सॉफ्टवेअरने बनवलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती चालू असतानाच वायरीतून खालच्या मजल्यावरच्या नव्या सर्व्हरवर हलवायची. मग जुना बंद करून भंगारात.

कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. फक्त वॉचमन रावजी. त्याने खोली उघडून दिली आणि दार मिटू नये म्हणून त्याला जांभ्या दगडाचा अर्धा चिरा लावला.

"साहेब, ह्यो चिरा काढू नका हां."

"अहो रावजी, एसीची हवा बाहेर जाते."

"जाऊ दे. ह्या खोलीचा दार लावायचा नाय."

एवढं बोलून तो गेटवर गेला.

पाचही मशीन नीट हलली. जुन्या सर्व्हरच्या स्क्रीनवर आता काहीच दिसायला नको होतं.

एक ओळ शिल्लक होती...

नाव नाही. पण मशीन चालू.

यज्ञेशने पुण्याला फोन लावला. त्याचे वरिष्ठ चारुदत्त सर तिथून हेच काम बघत होते.

"सर, हे सहावं कुठलं?"

"सहावं? अरे, मला इथून रिकामं दिसतंय. कर बंद."

त्याने बंद करायचा प्रयत्न केला. होईना. पुन्हा केला. नाहीच.

शेवटी त्याने त्या मशीनची स्क्रीन उघडली.

काळी. वरच्या कोपऱ्यात पांढरा कर्सर लुकलुकत होता.

आणि मग... एकेक अक्षर उमटायला लागलं. इंग्रजी अक्षरं, पण मराठी. आपण मोबाईलवर लिहितो तसं.

कोण आहे.

यज्ञेशला वाटलं, पुण्याहून कुणीतरी मस्करी करतंय. त्याने टाइप केलं, "यज्ञेश."

कर्सर खालच्या ओळीवर गेला.

मग... दार उघड.

त्याने मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. चिरा जागच्या जागी. बाहेर पॅसेजमध्ये ऊन पडलेलं.

"उघडंच आहे," त्याने लिहिलं.

नाही उघडत.

तेवढ्यात आवाज आला. ठक. ठक. ठक.

दाराकडून नाही. सर्व्हरच्या लोखंडी कपाटातून... आतल्या बाजूने.

पाठोपाठ वास. डोळे चुरचुरायला लागले. यज्ञेश बाहेर पॅसेजच्या खिडकीकडे धावला आणि खाली ओरडला, "रावजी! गॅस!"

"कसला गॅस? हतं कायच वास नाय!"

ठोठावणं वाढलं. आता ठक ठक नव्हतं. कुणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं.

मी त्याला विचारलं, "मग पळाला का नाहीस?"

तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी सगळे पळालेच होते ना गं."

तो आत येऊन परत खुर्चीत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते बिननावाचं मशीन निवडलं आणि नव्या सर्व्हरवर हलवायची आज्ञा दिली.

हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली. अर्धी झाली. बडवणं चालूच. पट्टी शेवटाला येऊन थांबली... थांबूनच राहिली. त्या वेळात त्याला कपाटातून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, माणसाचा.

मग पट्टी भरली.

सगळं एकदम शांत. वास गेला. स्क्रीन रिकामी.

त्याने जुन्या सर्व्हरची वायर उपटली आणि जिना उतरून धावत नव्या सर्व्हरपाशी गेला.

तिथे पाचच मशीन होती.

त्याने सगळं शोधलं. सहावं कुठेच नव्हतं. जुन्यावरून निघालं होतं. नव्यावर पोचलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गेटवर एक म्हातारे गृहस्थ त्याची वाट पाहत उभे होते. सलिलचे वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. मांडवीहून रिक्षा करून आले होते.

"तू त्याच्याच खोलीत बसायचास ना रे?" त्यांनी विचारलं. "त्याचं काही राहिलं असेल आत, तर दे हो बाळा. घेऊन जातो मी."

यज्ञेश म्हणाला, "नाही आप्पा. आत आता काही राहिलेलं नाही."

आप्पांनी मान हलवली आणि ते रिक्षात बसले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. यज्ञेश अजूनही मधेच मला विचारतो, "ताई, मी त्यांना खरं सांगितलं ना गं?"