बंद घराचं दार

लाइट गेली की इस्त्रीवाल्या काकांचा धंदा बसतो आणि तोंड सुरू होतं. त्या रात्री इस्त्री गार पडली होती, कपड्यांचे गठ्ठे अंधारात भुतांसारखे बसले होते. आणि टपरीपुढे चार पोरं दात काढत होती, कारण बोक्याने नुकतीच अख्ख्या जिन्यातल्या दारांवर थापा मारून धूम ठोकली होती. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर टॉवेलवर बाहेर आले होते. टॉवेल जवळजवळ आतच राहिला होता.

काका हसले नाहीत.

"माझ्या शेजारी चावीवाला बसायचा, आठवतोय?" ते म्हणाले. "ज्याला तुम्ही खुडबुड्या म्हणायचात?"

"तो पळून गेला ना?" बोका म्हणाला. "कोणाची तिजोरी फोडून?"

"तुझ्या बापाची. गप बस आणि ऐक."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

खुडबुड्या म्हणजे लाख माणूस. कुलपाशी बोलायचा. "अगं ये ना, लाजतेस काय," असं म्हणत तार फिरवायचा आणि कुलूप खरंच यायचं. पण त्याचा एक नियम होता. कुठलंही दार उघडायच्या आधी तो ते वाजवायचा. घर रिकामं असो, मालक स्वतः शेजारी उभा असो, तरी वाजवायचा आणि विचारायचा, "कोण आहे का आत?" लोक वैतागायचे. अहो, मी इथे बाहेर उभा आहे, आत कोण असणार? तर म्हणायचा, "माझ्या उस्तादाने सांगितलंय. तार चोराकडेही असते आणि आपल्याकडेही. चोर दार वाजवत नाही. बस, एवढाच फरक."

मार्चमधला शुक्रवार होता. रात्रीचे पावणेबारा. खुडबुड्या टपरी झाकत होता, तेवढ्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, गोड बोलणं. किल्ली आत राहिली म्हणाले. जवळच घर आहे, पटकन चला, उपकार होतील.

"चला की," खुडबुड्या म्हणाला. पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. मोबाइल टपरीत चार्जिंगलाच राहिला.

बिल्डिंग जुनी, तीन मजली. चढायचं अगदी वर. मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. गृहस्थांनी मोबाइलचा उजेड धरला. खुडबुड्याने पिशवी उंबऱ्यालगत ठेवली, बाही मागे सारली आणि दार वाजवायला हात उचलला.

गृहस्थांनी मनगट धरलं.

"नको, नको. आई झोपलीय आत. हार्टची पेशंट आहे. रात्री दार वाजलं की दचकते हो. मागच्या वेळी अशीच..." आणि डोळेच पुसले की त्यांनी.

"मग तर वाजवायलाच हवं, साहेब. घरात माणूस आहे."

"तुम्हाला आई आहे ना?"

खुडबुड्याची आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याने हात खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा न वाजवता तार घातली.

"कुलूप गंजलंय," तो म्हणाला. "वापर नाही वाटतं?"

"ती बाहेर पडतच नाही कधी."

तेल सोडलं, दोनदा गोंजारलं. कुलूप उघडलं. लोण्यासारखं. आतून बंद घराचा वास आला, ओल्या गोधडीसारखा.

"थांबा हं, पैसे आणतो," म्हणत गृहस्थ चवड्यांवर आत गेले. मागे दार आपोआप लागलं. खट्.

"वारा असेल," पोरांतला एक म्हणाला.

"खिडक्या बंद होत्या," काका म्हणाले.

खुडबुड्या जिन्याच्या पायरीवर बसला. आत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. कपाट असेल. मग कप्पे उघडल्याचा. आई झोपलीय आणि हा माणूस कपाटं हलवतोय? खुडबुड्याला जरा खटकलं. तेवढ्यात दुसरा आवाज आला.

टक.

थांबून, टक.

फरशीवर काठी टेकावी तसा. आतल्या खोलीतून. सावकाश.

कपाटाचा आवाज बंद झाला.

टक... टक...

मग धावल्याचा आवाज, आणि दारावर आतून धाडकन कोणीतरी आदळलं.

"चावीवाले! दार उघडा!"

"आतून खटका फिरवा ना, साहेब."

"फिरत नाही! उघडा हो! लवकर!"

खुडबुड्याने तार घातली. मघाशी लोण्यासारखं उघडलेलं कुलूप आता दगड झालं होतं. तार आत जाईच ना. जणू पलीकडून कोणी बोट लावून धरलंय.

"आई उठल्या का, साहेब? त्यांना सांगा ना खटका..."

आत शांतता. मग अगदी दाराला तोंड लावून, रडका आवाज.

"आई नाही हो... माझी आई नाही ती..."

"मग कोण आहे?"

टक.

"ती मेलीय... दोन वर्षं झाली... मीच तर... उशी फक्त जरा दाबली होती, ती ओरडत होती म्हणून... चावीवाले, पाया पडतो... तुमच्या आईची शपथ..."

तरी खुडबुड्याने तार सोडली नाही. खुनी असेल, लफंगा असेल, पण आत एक माणूस जिवाच्या आकांताने रडत होता, आणि त्याला आत सोडलं कोणी? यानेच. एक तार मोडली. दुसरी घातली. तीही मोडली. खांदा लावला. दार हललं नाही.

तो समोरच्या दाराकडे धावला. बेल दाबली. थापा मारल्या. "दार उघडा! माणूस मरतोय!"

आतून एक बाई ओरडली, "पुरे झालं रे कार्ट्यांनो! रोज रात्री तेच! उद्या तुमच्या बापालाच सांगते!"

खालच्या मजल्यावर गेला. तिथेही तेच. एकाने तर आतूनच शिव्या हासडल्या. त्या बिल्डिंगमध्ये तुमच्यासारखीच रत्नं होती. रोज रात्री बेल वाजवून पळणारी. बेल वाजली की दार उघडायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बाकीच्या तिघांनी बोक्याकडे बघितलं.

खुडबुड्या परत वर धावला. दारावर आता थापा पडत होत्या. पण खाली. गुडघ्याच्या उंचीवर. मग त्याहून खाली.

"साहेब! धीर धरा! उघडतो!"

थाप.

"साहेब?"

नखं घासल्याचा आवाज. फळीवरून. खाली, खाली...

मग काहीच नाही.

खुडबुड्या दाराला कान लावून उभा. स्वतःचा श्वासच मोठा वाटत होता. आणि मग कानाच्या अगदी पलीकडे, फळीएवढ्याच अंतरावर, म्हातारीचा आवाज. शांत. दूधवाल्याशी बोलावं तसा.

"कोण आहे रे बाहेर?"



"चा... चावीवाला, आजी."

"हो का." जरा थांबली. "बरं झालं बाबा, त्याला आणून सोडलंस. मला जिना उतरवत नाही ना."

काका थांबले.

"मग?" एकजण म्हणाला.

"मग काय. खुडबुड्या जिन्यावरून उतरला नाही, पडला. तसाच पोलिसांकडे गेला. त्यांना आधी वाटलं पिऊन आलाय हा. पण पत्ता ऐकून ठाण्यातले साहेब खुर्चीतून उठले. दोन वर्षांपूर्वी तिथे एकटी म्हातारी मारली गेली होती. मीटर बघायला आलोय म्हणून कोणी घुसला होता. तो सापडलाच नव्हता. भाचा परदेशात, त्याने घर बंद करून ठेवलेलं. साहेबांनी तेव्हाचा, गल्लीतल्या कॅमेऱ्यातला फोटो काढून दाखवला. तोच शर्टवाला."

"सापडला?"

"उजाडता उजाडता दार तोडलं. तोडावंच लागलं, आतून साखळी लावलेली होती. आत कोणी नाही. खिडक्यांना गज. फरशीवर बोटभर धूळ, आणि धुळीत बुटाचे ठसे. आत गेलेले. कपाटापर्यंत. तिथून दारापर्यंत. दारापाशी संपले. बाहेर कुठे गेलेच नाहीत. आणि त्या ठशांच्या भोवतीने गोल गोल खुणा. एवढ्या, बाटलीच्या बुचाएवढ्या. काठीच्या रबराच्या. आता गंमत अशी की म्हातारीची काठी पुरावा म्हणून पोलिसांच्याच गोदामात पडून होती. सीलबंद."

"काका, फेकू नका हं," बोका म्हणाला. पण आवाज मांजरीच्या पिल्लाचा निघाला.

"मी कशाला फेकू? खुडबुड्या दुसऱ्या दिवशी आला, पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, ठेव, मला ही घरात नको. धंदाच सोडला त्याने. मुलीकडे जाऊन राहिला. अजून स्वतःच्या घराचं दारही वाजवून आत जातो म्हणे. किल्ली हातात असताना."

काकांनी टेबलाखाली हात घातला आणि एक जुनी काळी पिशवी वर ठेवली. मोबाइलचा उजेड पडला. पिशवीच्या झाकणावर मधोमध एक धुळीचा गोल. बुचाएवढा.

"ही पिशवी सगळा वेळ दाराबाहेर होती," काका म्हणाले. "आणि दार काही उघडलं नव्हतं."



"चहाच्या ग्लासचा डाग आहे," बोका शेवटी म्हणाला. "आम्हाला काय शेंबडे समजता?"

"असेल बाबा. पूस मग."

बोक्याने बाकीच्यांकडे बघितलं. आता माघार घेतली तर वर्षभर टिंगल झाली असती. त्याने अंगठा ओला केला आणि गोल खसाखसा पुसला. अंगठा धुळीने पांढरा झाला.

गोल तसाच होता.

त्याने अंगठा चड्डीला पुसला आणि पुन्हा घासला. जोरात. दात खाऊन.

लाइट आली. टपरीचा दिवा फडफडून लागला. बोका अंगठ्याकडे बघत होता.

पुन्हा पांढरा.