गोगलगायीचे मास्तर

मोबाईल पालथे घाला आणि जवळ सरका. ही माझ्या चुलतभावाची गोष्ट. त्याने माझ्यासमोर बसून सांगितली, आणि सांगता सांगता त्याचा चहा तसाच गार झाला.

भाऊ वायरमन. एकटाच राहतो. गेल्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी दुपारी, पुलापलीकडच्या घरातून त्याला बोलावणं आलं. काम किरकोळ होतं. पलंगाशेजारची बेल काढायची. घरात एकट्या बाई, साठीच्या आतबाहेर. पलंगावरची गादी गुंडाळलेली.

"ताई, मेन स्विच कुठाय?"

बाई चपापल्या. "परत बोला."

"मेन स्विच..."

"तुम्ही रात्री खेळायला येता ना? 'आधी उडी मार, काठावर पोचल्यावर नको' म्हणणारे?"

भाऊ हादरलाच. खेळायचा तो. ऑनलाइन, रोज रात्री, कानाला हेडफोन लावून. खेळात एक तुटका पूल होता. सगळे भिडू उडी मारून पलीकडे गेल्याशिवाय डाव पुढे सरकत नसे. आणि कच्चा भिडू दिसला की याची जीभ काही गप्प बसायची नाही. कुणी विचारो न विचारो, शिकवणी सुरू.

"माझी लेक ती," बाई म्हणाल्या. "गोगलगाय नाव लावून खेळायची. दोन्ही हातांची मिळून तीनच बोटं चालायची तिची. तुमचा आवाज आला की हसायची. 'आई, मास्तर आले!' जायच्या आधीचे शेवटचे दहा दिवस मात्र खेळायच्या मशीनला हात लावला नाही. का, ते सांगितलंच नाही. मी म्हणायचे, अगं, मास्तर वाट बघत असतील..."

भावाला कारण माहीत होतं. त्या शेवटच्या रात्री तो वैतागून म्हणाला होता, "नसेल जमत तर खेळू नकोस. आमची रात्र कशाला वाया घालवतोस?" मुलगा समजला होता तो तिला. पडद्यावर एकच शब्द उमटला होता. 'बरं.'

हे बाईंना सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्याने बेल काढली. बाईंनी सांगितलं म्हणून मशीनच्या वायरीही सोडवल्या, मशीन खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं.

त्याच रात्री, बारा वाजून दहा मिनिटांनी, तो खेळातून आपलं नाव कायमचं काढायला बसला.

पुलाच्या काठावर गोगलगाय उभी होती.

खोकं तर माळ्यावर. त्याने स्वतः ठेवलेलं...

हेडफोनमध्ये श्वास. बारीक. थांबत थांबत.

"पोरी... मी..."

तिने उडी मारली. उशिरा. पडली.

परत काठावर आली. परत पडली.

'आधी उडी मार' असं सांगावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं. तो गप्प राहिला. मग त्यानेही काठावर जाऊन उशिराच उडी मारली. मुद्दाम. तिच्यासोबत पडला. पुन्हा. पुन्हा. डोळे इतके भरले की पडदा दिसेना.

चारच्या सुमारास ती पलीकडे पोचली. थांबली. मागे वळली...

पडदा काळा झाला. श्वास... नाही.

त्याने दिवा लावला. दाराची कडी आतून तशीच. पण त्याच्या खुर्चीला चिकटून स्वयंपाकघरातली खुर्ची होती, पडद्याकडे तोंड करून. तिच्यावर त्याची उशी.

उशीत खळगा पडला होता. कुणीतरी बराच वेळ बसून उठावं, तसा.